सरकारी सुपर स्पेशालिटीत नंबर कसा लागतो? बाबांसोबतच्या तीन चकरा

ज्यांचा हा एपिसोड ऐकायचा राहिला, किंवा एसटीत बसून ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मी बोरी अरबचा. तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. बी.टेक. केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरी कापूस आणि तूर. मागच्या हिवाळ्यात बाबांचे पाय सुजायला लागले. ते म्हणाले, "काही नाही होत रे, पायच तं सुजले." आईनं फोन केला नसता तर मला कळलंही नसतं. दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: किडनीच्या डॉक्टरला दाखवा.

तिथून आमच्या चकरा सुरू झाल्या, एका सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलच्या. कोणतं ते सांगणार नाही. कारण जे आमच्यासोबत झालं ते कुठेही होऊ शकतं, आणि तिथेच आम्हाला चांगली माणसंही भेटली.

पहिली चकर: हात हलवत परत

पहाटे निघालो, दोन एसटी बदलल्या, आठ वाजता केस पेपरच्या लाइनीत. साडेदहाला पेपर मिळाला. साध्या मेडिसिनच्या ओपीडीत दीड तास बसलो आणि मग कळलं की किडनीची ओपीडी आठवड्यातून ठरावीक दिवशीच असते, आज नाही. दारव्ह्याचा रिपोर्ट एका टेबलावर दिला होता, तो परत मिळालाच नाही. परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "आता मी काही येत नाही बाबू. दिवस बी गेला अन् तिकीट बी गेलं. मराचंच अशीन तं घरीच मरतो."

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. माणूस आजारानं नाही, चकरांनी थकतो. उपचार अर्धवट सुटतात ते असे. म्हणून पुण्याला परत आल्यावर मी बसून ही सगळी सिस्टीम समजून घेतली. जे कळलं ते आज सांगतो.

सुपर स्पेशालिटी म्हणजे नेमकं काय?

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. त्यावर एमडी किंवा एमएस तीन वर्षं. त्यानंतर आणखी तीन वर्षं डीएम किंवा एमसीएच केलं की माणूस किडनी, हृदय, मेंदू अशा एकाच विषयाचा तज्ज्ञ होतो. असे डॉक्टर मुळातच कमी, आणि त्यातले सरकारी नोकरीत येणारे अजून कमी.

इमारत उभी करणं त्या मानानं सोपं असतं. यवतमाळचंच उदाहरण घ्या. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चं. केंद्राच्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातली चार कॉलेजं निवडली गेली: औरंगाबाद, लातूर, अकोला आणि यवतमाळ. प्रत्येकी १५० कोटींचा सुपर स्पेशालिटी विभाग, त्यात १२० कोटी केंद्राचे. पण १५० कोटींत भिंती, बेड आणि मशीन येतं. डीएम झालेला डॉक्टर विटांसारखा ट्रकमधून आणता येत नाही.

अव्हेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये उपचाराचा दर्जा मोजायची एक साधी रीत मांडली. तीन गोष्टी बघायच्या: साधनं काय आहेत, काम कसं चालतं, आणि शेवटी रुग्णाचं काय झालं. आपण पहिली गोष्ट बघून 'मस्त हॉस्पिटल आहे' म्हणतो. त्रास मात्र दुसऱ्या गोष्टीत होतो. बाबांचा पहिला दिवस मशीन नाही म्हणून वाया गेला नाही. 'आज किडनीची ओपीडी नाही' हे एक वाक्य खिडकीवर कोणी सांगितलं नाही, म्हणून गेला.

रिपोर्ट हरवतात त्यालाही कारण आहे. बराच कारभार अजून कागदावर चालतो. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये एचएमआयएस नावाची कॉम्प्युटर यंत्रणा होती. २०२२ मध्ये ती बंद पडली आणि अनेक ठिकाणी परत हातानं केस पेपर लिहायची वेळ आली. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर गेला आणि बॅकअप म्हणजे रुग्णाच्या हातातली पिशवी.

दुसरी चकर: चार मिनिटं

बाबांना कसंबसं तयार केलं. या वेळी आधी फोन करून ओपीडीचा वार विचारला. नंबर लागला एक वाजता. डॉक्टरांसमोर आम्ही चारेक मिनिटं होतो. मी चिडलेलोच होतो. पण डॉक्टरांनी विचारलं, "काका, गुडघे दुखतात का? गोळ्या घेता?" बाबा म्हणाले, "हो, मेडिकलवाला देते." मी पिशवीतून पाकीट काढून दाखवलं.

पेनकिलर. दोन वर्षं, जवळजवळ रोज. डॉक्टर म्हणाले, "ही आजपासून बंद. बीपी आहेच, त्यावर ही गोळी किडनीला घात करते." मला हे माहीत नव्हतं. घरात कोणालाच नव्हतं. दुखण्याच्या बऱ्याच साध्या गोळ्या रोज आणि वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनी खराब करू शकतात, आणि बीपी-शुगर असणाऱ्याला धोका जास्त. एवढं एक घरी आईबाबांना आजच विचारा: गोळ्यांच्या डब्यात काय आहे?

म्हणजे चार मिनिटांतही चांगला उपचार होऊ शकतो. पण त्या चार मिनिटांत पाकीट सोबत असायला लागतं.

पैशाचं गणित

इथे बहुतेक लोकांचा गोंधळ होतो. सरकारी हॉस्पिटलं दोन वेगळ्या विभागांची आहेत. ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयं आणि अमरावती-नाशिकची संदर्भ सेवा रुग्णालयं, म्हणजे तिथली सुपर स्पेशालिटी, ही सार्वजनिक आरोग्य विभागाची. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर, तपासण्या, उपचार मोफत. मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षण विभागाची. तो निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. म्हणून 'तिकडे फुकट होतं, इकडे पैसे का?' हे भांडण खिडकीवरच्या माणसाशी करून उपयोग नाही.

मोठ्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ ला राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर राज्यभर गेली आणि नाव बदललं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. डायलिसिस त्यात येतं. रेशन कार्ड आणि आधार लागतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला गाठा. पण लक्षात ठेवा, ही योजना मुख्यतः भरती आणि ठरलेल्या उपचारांसाठी आहे. नुसत्या ओपीडीच्या गोळ्यांसाठी नाही.

आणि 'औषध बाहेरून आणा' ही चिठ्ठी? राज्याची औषध खरेदी २०१७ पासून हाफकिनकडे होती, उशिराच्या तक्रारी झाल्या आणि २०२३ मध्ये वेगळं खरेदी प्राधिकरण आलं. वॉर्डातली सिस्टर हे ठरवत नाही. तिच्यावर ओरडू नका.

तिसरी चकर: फाइल

तिसऱ्या वेळी मी एक प्लास्टिकची फाइल केली. त्यात काय होतं ते सांगतो, कॉपी करा.

सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. मूळ कागद आपल्याजवळ, टेबलावर झेरॉक्स. प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये. चालू गोळ्यांची पाकिटं. एका कागदावर तीनच प्रश्न: आजार कोणत्या टप्प्यावर आहे? काय खायचं-टाळायचं? पुन्हा कधी आणि कोणत्या वारी यायचं?

जिथे 'स्कॅन अँड शेअर'चा क्यूआर लावलाय तिथे आभा ॲपनं स्कॅन केलं की माहिती खिडकीवर जाते आणि टोकन मोबाइलवर येतं. आमचा लाइनीतला बराच वेळ त्यानं वाचला. मागचे चार काका 'आमचंही करून दे ना' म्हणाले, त्यांचंही केलं.

आणि तक्रार करायची असेल तर व्हिडिओ काढून भांडू नका. वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या आणि पोच घ्या. नाही ऐकलं तर 'आपले सरकार' पोर्टल. माहिती हवी असेल तर माहिती अधिकार आहे: १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. आपल्या आजाराची माहिती आणि आपले रिपोर्ट मिळणं हे त्यातलेच हक्क. आम्ही हरवलेल्या रिपोर्टबद्दल लेखी दिलं. रिपोर्ट मिळाला नाही, पण पुढच्या वेळी किडनी ओपीडीचे वार खिडकीवर मोठ्या अक्षरात लावलेले दिसले. आमच्यामुळेच लावले असं म्हणत नाही. पण लावले.

बाबांची गेलेली किडनी परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण पेनकिलर सुटली, मीठ कमी झालं, बीपीची गोळी वेळेवर सुरू आहे. मागच्या तिन्ही तपासण्यांत क्रिएटिनिन तिथंच थांबलंय. डायलिसिस आज नाही. उद्याचं उद्या.

परवा फोन केला तर म्हणाले, "मंगळवारी जा लागते ना? फाइल मीच काढून ठेवली."

तुमच्या गावाकडचा अनुभव, चांगला असो की वाईट, व्हॉइस नोटमध्ये पाठवा. फक्त रुग्णाचं नाव सांगू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.