पोटातल्या जिवाणूंची शिरगणती

समजा, भामरागडकडच्या एका पाड्यावर दीड वर्षाचं मूल आहे. अंगणवाडीतला आहार मिळतो, तरी वजनाचा काटा हलत नाही. दोष त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंत आहे का, हे बघायचं ठरलं. शौचाचा चिमूटभर नमुना घ्यायचा आणि त्यातला डीएनए वाचायचा. पण कोणत्या पद्धतीनं?

एक पद्धत स्वस्तातली. प्रत्येक जिवाणूत '१६-एस' नावाचा जनुक असतो, साधारण १५०० अक्षरांचा. त्याचा काही भाग सगळ्यांत सारखा, तर काही ज्याचा त्याचा निराळा. तेवढाच वाचला की शिरगणती होते. मात्र बहुतेक यंत्रं या जनुकाचा तुकडाच वाचतात. म्हणून जिवाणूचं आडनाव कळतं, नाव बहुधा कळत नाही. दुसरी पद्धत 'शॉटगन'. तिच्यात नमुन्यातला सगळाच डीएनए तुकड्या-तुकड्यांनी वाचतात. त्यातून नाव कळतं, शिवाय कोणता जिवाणू काय पचवू शकतो, कोणत्या औषधाला दाद देत नाही, याचाही अंदाज येतो. खर्च अर्थातच कितीतरी जास्त.

आता तुम्ही म्हणाल, मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे, महागडीच घ्या! पण ढाक्यातल्या मुलांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला गाजलेला अभ्यास १६-एसवरच झाला. निरोगी मुलांचे नमुने महिन्या-महिन्याला घेऊन वयाप्रमाणे ही वस्ती कशी बदलते, ते आधी ठरवलं. मग दिसलं, की तीव्र कुपोषित मुलांची वस्ती वयाच्या मानानं मागे राहते. उपचाराच्या आहारानं ती थोडी सुधारते, पण सुधारणा टिकत नाही. वारंवार घेतलेल्या नमुन्यांमुळेच हे हाती लागलं. माझ्या मते पैसा तिथंच खर्चावा.

शॉटगनची आणखी एक अडचण आहे. तुकडे ओळखायच्या याद्यांत पाश्चात्त्य देशांतल्या पोटांचाच भरणा जास्त. आंबील पिणाऱ्या माडिया मुलाच्या पोटातलं बरंच काही 'अनोळखी' ठरू शकतं. शिवाय त्यात मुलाचा स्वतःचा डीएनएही थोडाफार वाचला जातो. आईबापांना हे माडियात नीट सांगूनच परवानगी मागायला हवी.

आणि यंत्राच्याही आधी डबी! भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब. मे महिन्यात नमुना नुसताच निघाला, तर वाटेत काही जिवाणू मरतात, काही वाढतात. मग आपण मोजतो ती मुलाच्या पोटातली वस्ती नव्हे, एसटीतली. डबीत डीएनए टिकवणारं द्रावण आधीच घातलेलं असलं, तर बर्फ लागत नाही. पर्लकोटेच्या पुरानं भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे. अशा वेळी द्रावणातली डबी आठवडाभर खुशाल थांबते.