पेट्रोल कुठल्या पंपाचे, यापेक्षा टाकीत काय आहे ते पाहा



"अमक्या पंपाचं पेट्रोल हलकं, तमक्याचं भारी" ही चर्चा काट्यावर नंबर लागेपर्यंत नेहमी चालते. आता त्यात "इथेनॉलनं गाडी बिघडते" याची भर पडली आहे. इथेनॉल हा आपल्याच उसाचा माल. तेव्हा यातले खरे-खोटे आपल्याला ठाऊक हवे.

इंग्लंडातही हीच शंका आहे. तिथे टेस्को, आस्दा अशी किराणा-भाजीपाल्याची मोठी दुकाने पेट्रोल विकतात, आणि ते बहुधा नामांकित कंपन्यांपेक्षा स्वस्त असते. स्वस्त म्हणजे हलके, असे लोक धरून चालतात. परंतु विकणारा कोणीही असो, पेट्रोल एकाच मानकात बसावे लागते, आणि मूळ माल पुष्कळदा एकाच डेपोतून भरला जातो. आपल्याकडेही तेल कंपन्या एकमेकींचा माल उचलतात. फरक असतो तो वरून मिसळलेल्या रसायनाचा. ते इंजिनात काजळी धरू देत नाही. महाग पेट्रोलमध्ये ते जास्त असते. पण म्हणून साध्या पेट्रोलने इंजिन खराब होते असे नाही.

महाग पेट्रोलचा ऑक्टेन जास्त, असेही सांगतात. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याचा तो गुण आहे. जास्त दाबाच्या इंजिनाला तो लागतो. साध्या मोटारसायकलला त्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे एका एकराला दोन एकरांचे खत टाकण्यासारखे आहे.

आता इथेनॉल. २००१ साली मिरज व मनमाड येथे त्याचे प्रयोग झाले. २०२२ साली देशात मिश्रण १० टक्क्यांवर, २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे घटते. ही गोष्ट लपवू नये. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ही घट जुन्या धर्तीच्या मोटारींना ६ ते ७ टक्के, दुचाकींना ३ ते ४ टक्के, तर १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींना १ ते २ टक्के धरली आहे.

खरा शत्रू पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिन नेमके तेच ओढते. मग किक मारून मारून पाय दुखतो अन् दोष पंपाला! जुन्या गाडीतले रबरी पाइप व वॉशरही इथेनॉलने फुगतात, चिरतात.

म्हणून एवढे करावे:

१. गाडीचे पुस्तक पाहून किती मिश्रण चालते ते समजून घ्यावे.
२. जुन्या गाडीचे रबरी पाइप तपासून घ्यावेत, गरज पडल्यास बदलावेत.
३. टाकीचे झाकण घट्ट ठेवावे. पावसात गाडी उघड्यावर ठेवू नये.
४. पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप हंगाम संपला की रिकामा करून ठेवावा.
५. पंपावर शंका आल्यास फिल्टर पेपरची चाचणी व पाच लिटरचे माप मागावे. तो ग्राहकाचा हक्क आहे.

आपल्या ट्रॅक्टरला डिझेल लागते. त्याचा या मिश्रणाशी संबंध नाही.

इथेनॉल खपले तर उसाला आधार मिळतो, हे खरेच. पण शेजाऱ्याने गाडीबद्दल विचारले, तर त्याला फायदा-तोटा दोन्ही सांगावे.