मुलाखतीत नेमकं काय मोजलं जातं?

प्रोग्रॅमर निवडताना बऱ्याच कंपन्या उमेदवाराला फळ्यासमोर उभं करतात आणि मोठ्याने विचार करत प्रश्न सोडवायला सांगतात. यातून कौशल्य कळतं, हे आपण गृहीतच धरतो.

२०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ते तपासलं. ४८ विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. प्रश्न तोच, फळाही तसाच. एका गटाने मुलाखतकारासमोर, बोलत बोलत सोडवला. दुसऱ्याने खोलीत एकट्याने. पहिल्या गटाची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. त्यातल्या एकाही मुलीला प्रश्न सुटला नाही. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना सुटला! मुली मोजक्याच होत्या, त्यामुळे यावरून लगेच नियम काढू नका. पण शंका घ्यायला एवढं पुरे.

संशोधनाच्या भाषेत हा वैधतेचा प्रश्न आहे: जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का? इथे कौशल्याबरोबर दडपणही मोजलं गेलं, आणि चांगली माणसं बाहेर राहिली.

मग करायचं काय? रोजच्या कामातला छोटा तुकडा द्या, शांतपणे करू द्या, सगळ्यांना एकाच निकषांवर गुण द्या, चर्चा नंतर करा.

आणि हो, स्वतःची प्रश्नावली वाटण्याआधी तिलाही हाच प्रश्न विचारा.