सकाळपासून उलट्या, की तीन उलट्या?

परदेशात नोकरीसाठी निघालेल्या नर्सेसना मी इंग्रजी शिकवते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी ओईटी ही परीक्षा देतात. तिच्या लेखी भागात पेशंटच्या नोंदी वाचून 45 मिनिटांत पत्र लिहायचं असतं. औषधांची नावं, आजारांची स्पेलिंगं या मुलींना तोंडपाठ असतात. अडतात त्या ‘हॅज’ आणि ‘हॅज बीन’पाशी.

समजा, पेशंटला उलट्या होताहेत. ‘ही हॅज व्हॉमिटेड थ्री टाइम्स’ म्हटलं की डॉक्टरांना आकडा मिळतो. ‘ही हॅज बीन व्हॉमिटिंग सिन्स धिस मॉर्निंग’ म्हटलं की त्रास किती वेळ चाललाय ते कळतं, आणि अंगातलं पाणी कमी झालंय का, हे बघायला हवं हेही लक्षात येतं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. फक्त ‘हॅज बीन व्हॉमिटिंग थ्री टाइम्स’ अशी सरमिसळ करू नये. किती वेळा झालं ते सांगायचं, तर साधा परफेक्टच, म्हणजे ‘हॅज व्हॉमिटेड’च हवा.

वर्गात हमखास ऐकू येतं ते ‘ही इज व्हॉमिटिंग सिन्स मॉर्निंग’. ‘सकाळपासून उलट्या होताहेत’ हे मराठीत चालू वर्तमानकाळात भागतं, म्हणून ‘इज’ आपसूक येतं. पण सकाळी सुरू झालेली गोष्ट अजून चालू आहे, हे सांगायला इंग्रजीत ‘हॅज बीन’ लागतं.

गोळ्यांच्या बाबतीत तर मी फार काटेकोर असते. ड्यूटी बदलताना ‘शी हॅज टेकन द टॅब्लेट’ म्हणजे गोळी पोटात गेली, पुन्हा द्यायची नाही. ‘शी हॅज बीन टेकिंग द टॅब्लेट्स फॉर टू वीक्स’ म्हणजे दोन आठवडे औषध चालू आहे. पण आत्ताची गोळी दिली की राहिली, हे त्यातून कळत नाही. ते वेगळं सांगावंच लागतं.

मग येतो मधुमेह. ‘दहा वर्षांपासून’ म्हटल्यावर मुली ‘हॅज बीन हॅविंग डायबेटिस’ लिहितात. तो आजार ही एक स्थिती आहे, क्रिया नव्हे. म्हणून ‘ही हॅज हॅड डायबेटिस फॉर टेन इयर्स’. ‘नो’ या क्रियापदाचंही तसंच. छातीत मात्र अधूनमधून कळा येत असतील, तर ‘ही हॅज बीन हॅविंग चेस्ट पेन’ अगदी योग्य. ‘लिव्ह’ आणि ‘वर्क’ यांची चिंता नको. ‘फॉर टेन इयर्स’सोबत त्यांची दोन्ही रूपं चालतात.

परीक्षेला बसणार असाल, तर आजपासून रोज ड्यूटी संपताना एका पेशंटची हकीकत इंग्रजीत चार ओळींत लिहा. नाव लिहू नका. कुठे आकडा सांगायचाय आणि कुठे कालावधी, एवढं प्रत्येक ओळीला तपासा.