लायसँडरची प्रतिकृती आणि चंद्रपूरची हवा

जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील प्रेषकाकडून येणाऱ्या संदेशांवर उडणाऱ्या, आत कोणीही नसलेल्या छोट्या विमानाला रेडिओ-नियंत्रित विमान म्हणतात. आणि एखाद्या खऱ्या विमानाची सर्व मापे एकाच पटीत लहान करून, त्याचा आकार, रंग, खुणा व शक्य तितकी यंत्ररचना जशीच्या तशी उतरवून जे बांधले जाते ती त्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती होय. अशा प्रतिकृतींपैकी ‘मोठी’ कोणती, याचा निकष अमेरिकेतील हौशी बांधणाऱ्यांच्या संघटनेने पंखविस्तारावरून, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतरावरून, ठरवला असून पंखांची एकच जोडी असलेल्या विमानासाठी तो ८० इंच, म्हणजे दोन मीटरांहून किंचित अधिक आहे. या आकाराचे लढाऊ विमान बांधताना लाकूडकाम, धातुकाम, इंजिन, विद्युत जोडणी, कापडी आवरण आणि रंगकाम अशी निरनिराळी कसबे लागतात व ती एका व्यक्तीच्या ठायी क्वचितच आढळतात. त्यामुळे हे काम चार-सहा जणांच्या गटाने करणे सोयीचे ठरते.

या छंदाचा इतिहास विमानाच्या इतिहासाहून जुना आहे. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसच्या एका बागेत पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारे छोटे विमान लोकांसमोर उडवून दाखवले तेव्हा राइट बंधूंच्या उड्डाणाला बत्तीस वर्षांचा अवकाश होता. रेडिओवरील नियंत्रण १९३० च्या दशकात आले. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी बांधलेले मॉडेल त्यातील आद्य यशस्वी मॉडेलांपैकी एक मानले जाते. भारतात हे शास्त्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे काम राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेने केले आहे. ही शाखा १९५० मध्ये मुंबई व कोलकाता येथील तुकड्यांनी सुरू झाली, तिच्या शिक्षणक्रमात विमानप्रतिकृती बांधणे हा विषय आहे, आणि विदर्भात तिची तुकडी नागपूरला आहे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीतील ज्या तरुणाला हे काम शिस्तीने शिकायचे आहे त्याच्यासाठी सर्वांत जवळचे दार तेच होय.

कोणते विमान निवडावे, हा गटापुढचा पहिला प्रश्न असतो, आणि बहुतेकांचे मन स्पिटफायरकडे धावते. स्पिटफायरची रेखा देखणी आहे यात शंका नाही. परंतु त्याची चाके एकमेकांजवळ असतात, ती उड्डाणानंतर पंखात मिटवावी लागतात, आणि खडबडीत मैदानावर उतरताना प्रतिकृती एका अंगाला कलंडून पंखाचे टोक मोडण्याचा धोका कायम राहतो. चंद्रपूर-गडचिरोलीत डांबरी धावपट्टी सहजी मिळणार नाही, हे लक्षात घेता वेस्टलँड लायसँडर हे विमान अधिक योग्य ठरते. १९३६ मध्ये प्रथम उडालेले हे ब्रिटिश विमान सैन्याबरोबर राहून टेहळणी करण्यासाठी, म्हणजेच कच्च्या, आखूड मैदानांवरून उडण्यासाठीच रचलेले होते. त्याचे पंख धडाच्या वर आहेत, चाके स्थिर व रुंद अंतरावर आहेत, आणि पंखाच्या पुढच्या कडेवरील सरकत्या पट्ट्या वेग कमी होताच आपोआप पुढे येऊन विमानाला हवेत सावरून धरतात.

लायसँडरचे महाराष्ट्राशी एक नातेही आहे, जे फारसे कोणाच्या स्मरणात उरलेले नाही. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला १९४१ मध्ये ही विमाने मिळाली ती मुंबईतील नागरिकांच्या युद्धनिधीतून. १९४२ च्या फेब्रुवारीत हे स्क्वाड्रन ब्रह्मदेशातील तौंगू येथे पोहोचले असता जपानी विमानांनी त्या तळावर बाँबवर्षाव केला, तेव्हा स्क्वाड्रनचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांनी मुख्यतः टेहळणीसाठी बनलेल्या या विमानाला बाँब अडकवून सीमेपलीकडील शत्रूच्या विमानतळावर प्रतिहल्ला केला, आणि दुसऱ्या दिवशी सारे स्क्वाड्रन घेऊन ते पुन्हा गेले. दिल्लीत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक लायसँडर आजही पाहता येते. ज्या विमानाची प्रतिकृती करायची त्याचे प्रत्यक्ष दर्शन, तपशीलवार छायाचित्रे आणि तीन बाजूंची आरेखने यांवाचून काम हाती घेऊ नये, कारण स्पर्धांमध्येही प्रतिकृतीचे गुण उड्डाणाआधी जमिनीवरच, अशा पुराव्यांशी ताडून दिले जातात.

खऱ्या लायसँडरचा पंखविस्तार १५.२४ मीटर. एक-षष्ठांश प्रमाण घेतल्यास प्रतिकृतीचा विस्तार २.५४ मीटर, तर लांबी सुमारे दीड मीटर होते. लांबी सहाव्या हिश्शाची झाली की पंखाचे क्षेत्रफळ छत्तिसाव्या आणि घनफळ २१६ व्या हिश्शाचे होते; म्हणजे २४ चौरस मीटरांच्या पंखाऐवजी पाऊण चौरस मीटराहूनही लहान पंख हाती येतो, आणि साधारण २,८६० किलो वजनाच्या विमानाची तंतोतंत प्रतिकृती सुमारे १३ किलोंची भरते. हे वजन उडते खरे, पण लहान पंखावरून हवा मोठ्या पंखाइतकी सुरळीत वाहत नसल्याने ती प्रतिकृती खऱ्या विमानाइतक्या डौलाने उतरणार नाही. म्हणून जाणकार आठ-नऊ किलोंचे लक्ष्य ठेवतात, आणि तिथून पुढे सगळे काम ग्रॅम-ग्रॅम वाचवण्याचे होते. विशेषतः शेपटाकडे वाढलेला प्रत्येक ग्रॅम महाग पडतो. विमान ज्या बिंदूवर तोलून धरले असता समतोल राहते तो गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या भागात यावा लागतो. लायसँडरचे नाक आखूड आणि शेपूट लांब असल्याने मागे शंभर ग्रॅम लाकूड जादा लागले तर समतोलासाठी नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसे भरावे लागते, आणि ते शिसे कोणतेही काम न करता केवळ उचलून न्यावे लागते.

येथे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांच्या प्रदेशातील एक विसंगती लक्षात येते. आलापल्लीचे आणि बल्लारशाच्या आगारातून देशभर जाणारे सागवान हे उत्तम इमारती लाकूड म्हणून ख्यातनाम आहे, पण विमानाच्या प्रतिकृतीसाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहे. एक घनमीटर वाळलेले सागवान साधारण साडेसहाशे किलो भरते, तर या कामी जगभर वापरले जाणारे बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील, मुख्यतः इक्वेडोरचे लाकूड त्याच्या चौथ्या हिश्शाचे असते. शिवाय सागवानातील नैसर्गिक तेलामुळे त्यावर डिंक नीट धरत नाही. बाल्साचा एक आप्त मात्र या जंगलात जागोजागी उभा आहे. होळीच्या सुमारास लाल फुलांनी भरणारी काटेसावर ही बाल्साच्याच कुळातील असून तिचे लाकूड हलके व मऊ असते. बाल्साच्या तुलनेत ते दुपटीने किंवा त्याहून अधिक जड भरते आणि लवकर किडते, त्यामुळे पंखाच्या बरगड्यांसाठी ते चालणार नाही. पण साचे, ठोकळे आणि तात्पुरते आधार यांसाठी महागडे आयात लाकूड खर्ची घालण्याऐवजी ते वापरणे शहाणपणाचे आहे. बांबूचे मात्र तसे नाही. वजनाच्या मानाने बांबूची ताकद विलक्षण असते, आणि विमानविद्येच्या पहिल्या दशकात सांतोस-द्युमाँने आपल्या ‘देम्वाझेल’ या छोट्या विमानाच्या धडाला बांबूच वापरला होता. गडचिरोलीचा मानवेल, म्हणजे जवळजवळ भरीव असणारा बांबू, नीट वाळवून त्याच्या कामट्या काढल्या तर पंखाच्या टोकांची वळणे, शेपटाच्या कडा आणि सांध्यांतील खुंट्या त्यातून उत्तम होतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि कामट्या एकसारख्या जाडीच्या काढणे, त्यांना आचेवर वळण देणे हे बुरड कारागिरांच्या पिढ्यानपिढ्यांच्या हाताला अवगत आहे. विमानाच्या गटात अशा कारागिराला मानाने बोलावले पाहिजे, असे या लेखाचे आग्रहाचे सांगणे आहे.

पंखाची रचना थोडक्यात अशी असते: टोकापासून टोकापर्यंत जाणारी एक मुख्य तुळई, तिला काटकोनात ठरावीक अंतरावर बसवलेल्या पातळ बाल्साच्या बरगड्या, पुढच्या भागावर बाल्साच्या तक्त्यांचे कवच आणि मागे ताणून बसवलेले कापड. खरे लायसँडरही मुख्यत्वे कापडानेच मढवलेले होते, त्यामुळे प्रतिकृतीतही इस्त्रीच्या उष्णतेने आकसणारे कृत्रिम धाग्याचे कापड लावले की पृष्ठभाग अस्सल वाटतो. लायसँडरच्या पंखाचा घाट विचित्र आहे. तो मध्यावर, आधाराच्या दांड्याजवळ, सर्वांत रुंद व जाड असून धडाकडे पुन्हा निमुळता होत जातो, कारण वैमानिकाला वर आणि पुढे पाहता यावे अशी रचनाकारांची इच्छा होती. त्यामुळे प्रत्येक बरगडी वेगळ्या मापाची कापावी लागते, आणि एखादीच कापताना चूक झाली तरी कापड ताणल्यावर ती खोट साऱ्यांना दिसते.

चिकटवण्याचा प्रश्न चंद्रपूरच्या हवेत अधिक नाजूक होतो आणि त्याला एक ऐतिहासिक दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धातील डी हॅविलंड मॉस्किटो हे वेगवान विमान बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून बांधलेले, म्हणजे अक्षरशः प्रतिकृतीच्या लाकडाचे लढाऊ विमान होते. १९४४ च्या अखेरीस भारतात तैनात असलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेतच निखळले, त्या विमानांचे उड्डाण थांबवावे लागले, आणि चौकशीत उष्ण-दमट हवेचा डिंकावर होणारा परिणाम व कारखान्यात नीट न जुळलेले सांधे या दोन्हींची चर्चा झाली. पावसाळ्यात लाकूड दमट हवेतील ओल शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून चंद्रपुरात सांध्यांची मुख्य जोडणी दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करावी. उन्हाळ्यात दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी डिंक वाटीतच घट्ट होऊ लागतो, आणि ४५ अंशांच्या दुपारी बंद मोटारीत ठेवलेल्या प्रतिकृतीचे कापड सैल पडते व साधा इपॉक्सी मऊही होतो.

इंजिनाच्या बाबतीत हा प्रदेश उलट अनुकूल आहे. एक-षष्ठांश लायसँडरला साधारण २२ इंची पंखा आणि तो फिरवणारे ५० घनसेंटिमीटर क्षमतेचे दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पुरते. त्याच जातीची इंजिने झुडपे कापण्याच्या यंत्रांत असतात, आणि वनविभाग उन्हाळ्यात जाळरेषांवरील पाचोळा हटवण्यासाठी जे ब्लोअर वापरतो त्यांतही असतात. त्यामुळे कार्बोरेटर जुळवणे, पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण राखणे ही कामे जाणणारा मेकॅनिक येथे तालुक्याच्या ठिकाणीही भेटतो. उन्हाळ्याचा परिणाम इंजिनावर आणि पंखावर एकाच वेळी होतो. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. इंजिनाचा जोर घटतो, पंखाला उचल कमी मिळते आणि धाव लांबते, म्हणून पहिली उड्डाणे हिवाळ्याच्या सकाळीच करावीत.

नियंत्रणासाठी पूर्वी प्रत्येक उडवणाऱ्याला रेडिओचा स्वतंत्र मार्ग राखून ठेवावा लागे, नाहीतर दोघांचे संदेश एकमेकांत मिसळून विमान कोसळे; आताचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपला मार्ग सतत बदलत राहतात आणि ती भीती बहुतांशी संपली आहे. विमानातील ग्राहकाला संदेश मिळाला की तो सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरींना फिरवतो, आणि त्या पंखाची मागची हलती फळी, शेपटाचे सुकाणू किंवा इंजिनाची झडप हव्या तितक्या अंशांनी हलवतात. संदेश तुटल्यास इंजिन बंद पडेल अशी व्यवस्था आधीच घालून, ती जमिनीवर प्रेषक मुद्दाम बंद करून तपासलीच पाहिजे. नऊ किलोंची वस्तू फिरत्या पंख्यासह ताशी साठ किलोमीटरने आली तर माणूस दगावू शकतो.

कायद्याची बाजूही तितकीच गंभीर आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अशी प्रतिकृतीही मानवरहित विमानातच मोडते. तिला कारखान्यात बनलेल्या ड्रोनसारखे प्रमाणपत्र लागत नसले, तरी नोंदणीचे बंधन आणि आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग तिलाही लागू आहेत, आणि हिरव्या विभागातही साधारण १२० मीटरांच्या वर जाता येत नाही. भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, मोरवा येथील धावपट्टी आणि ताडोबाचे वनक्षेत्र इतक्या गोष्टी चंद्रपूर परिसरात असल्याने अधिकृत नकाशा पाहिल्याशिवाय मैदान ठरवूच नये. गडचिरोलीत सुरक्षा दलांचे काम अनेक वर्षे चालू आहे, आणि अनोळखी उडती वस्तू तेथे संशयाला कारण होते. पोलिसांना लेखी कल्पना व त्यांची संमती याशिवाय तेथे प्रेषक चालू करणे अविचाराचे ठरेल. वनविभागाने जपलेल्या गिधाडांच्या घरट्यांपासून तर कित्येक किलोमीटर दूर राहावे.

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी गटातील कामे वाटून घेण्याची पद्धत आहे: एकाच्या हाती प्रेषक, त्याच्या शेजारी आकाशावर नजर ठेवून वारा, घारी व माणसे यांची माहिती देणारा दुसरा, आणि इंजिन सुरू करताना शेपूट घट्ट धरणारा तिसरा. लायसँडरच्या बाबतीत खऱ्या वैमानिकांना माहीत असलेला एक दोष प्रतिकृतीतही उतरतो. उतरण्यासाठी शेपटाचा आडवा पंख पूर्ण वळवलेला असताना उतरणे रद्द करून इंजिनाला एकदम पूर्ण जोर दिला, तर नाक झपाट्याने वर जाते, वेग संपतो आणि विमान कोसळते. त्यामुळे प्रेषक हाती घेणाऱ्याने पहिल्या फेऱ्यांतच पुरेशा उंचीवर, उतरण्याच्या वेगात विमान आणून इंजिनाचा जोर हळूहळू वाढवत नाक किती उचलते ते पाहावे, आणि तेवढा प्रतिकार प्रेषकातच जुळवून घेतल्यावर मैदानावर उतरण्याचा पहिला प्रयत्न करावा.