डॉक्टरांच्या खोलीत दुसरे डॉक्टर कशाला?

आमच्या फोंडाघाटच्या एका बचत गटाच्या बैठकीत एक काकी सांगत होत्या, "एकलो इचारी, दुसरो गप बसान लिही. माका वाटला, दुखणा मोठा दिसता!" काकींच्या अंगावरून तीन महिने जास्त जात होतं. पण दोघांसमोर लाज वाटली. कंबर दुखते एवढंच सांगितलं आणि गोळ्या घेऊन घरी आल्या.

ते लिहिणं काकींबद्दल नव्हतंच. तपासणारा डॉक्टर शिकाऊ होता आणि कोपऱ्यात बसलेले त्याला शिकवणारे. त्याने बाईचं बोलणं पुरतं ऐकलं का, मध्येच तोडलं का, तिला कळेल असं विचारलं का, गोळी कधी घ्यायची ते समजावलं का, हे ते टिपत होते. पेशंट गेल्यावर दोघं त्यावर बोलतात. घावणे घालायला आपण पुस्तकातून शिकलो नाही, कोणीतरी तव्याशेजारी बसून बघत होतं, तसंच हे. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टर होणाऱ्यांना असंच बघून शिकवतात. कधी व्हिडिओही घेतात, पण पेशंटची परवानगी घेऊनच.

आपल्याकडे साडेचार वर्षं एमबीबीएस शिकल्यावर एक वर्ष इंटर्नशिप असते. रुग्णाशी बोलावं कसं, हे २०१९ पासून अभ्यासक्रमातच आलं आहे. ओरोसला २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा शिकाऊ डॉक्टर आता आपल्या जिल्ह्यात भेटणारच. त्यांना टाळू नका. मला तर ते जास्त वेळ देऊन ऐकतात असं वाटतं.

पण खोलीत कोण आहे आणि कशासाठी, हे आपल्याला आधी सांगायला हवं. नाही सांगितलं तर आपण विचारायचं. "मला एकट्या डॉक्टरांशीच बोलायचं आहे," असं म्हणता येतं. त्यासाठी उपचार नाकारता येत नाहीत. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाईमाणूस असावं, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतच आहे. अर्ध्यावर अवघड वाटलं तरी थांबवता येतं. आणि लाजेने दुखणं बदलून सांगितलं, तर औषधही दुसऱ्याच दुखण्याचं मिळतं.

पुढच्या आठवड्यात काकी परत गेल्या. सोबत मी होते. "तुम्ही वायच भायर बसशात?" त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते लगेच उठले. नर्सताई आत आल्या, काकी सगळं बोलल्या आणि त्याच दिवशी सोनोग्राफी लिहून मिळाली.