वस्तादांचा उजवा हात

कोल्हापुरांत खासबागेचें मैदान १९१२ सालीं खुलें झालें. पण तेथें उतरणारा मल्ल घडतो तो तालमीच्या हौद्यांत. वस्तादांची नजर एका वेळीं एकाच जोडीवर राहते. बाकीच्या जोड्या त्यांच्या हाताखालचा जुना पठ्ठ्या सांभाळतो. नवशिक्याची जोड त्यानें वजन व दम पाहून लावावी. डाव शिकवितांना आधीं स्वतः पडून दाखवावें. पोराची भीति मोडते. चूक एका वेळीं एकच सांगावी, आणि तीहि वस्तादांच्याच शब्दांत; दोन तोंडांनीं दोन रीती ऐकल्या कीं मुलें गोंधळतात. मात्र कोणी मानेवर कोसळूं लागला, तर वस्तादांच्या हुकुमाची वाट न पाहतां जोड तत्काळ सोडवावी. स्वतःची मेहनत त्यानें मुलें येण्यापूर्वींच उरकावी. जोर-बैठकांत गुंतलेल्याला दुसऱ्याची मान दिसत नाहीं.